दिव्याची पाठ थंड ठेवा

(शिरूर कासार येथे संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



"घरातील अभ्यासाचे वातावरण" या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी चालकांची सूचना होती. वातावरण हा शब्द फार मोठा आहे, आणि त्यावर बोलणारेही पुष्कळ आहेत. मी त्यातील एकच लहानशी वस्तू उचलतो. ती म्हणजे वहीवर उजेड पाडणारा दिवा. आज तो बहुतेक घरांत एलईडीचा आहे. हा दिवा टिकावा कसा, आणि तो टिकविण्यासाठी घरातल्या घरात, जवळजवळ फुकटात काय करता येईल, एवढेच मी सांगणार आहे. मी भाषा आणि इतिहास शिकविणारा माणूस. पण दिवा सर्वांच्याच घरात जळतो, तेव्हा या विषयात नाक खुपसण्याचा हक्क मलाही आहे.

दुकानातून बल्ब आणला की खोक्यावर २५,००० तासांचे आयुष्य छापलेले दिसते. रोज सहा तास लावला तर हिशेब अकरा वर्षांच्या वर जातो. आपल्या घरांतील अनुभव काय आहे? कित्येक बल्ब एका ईदला लावले तर दुसरी ईद पाहत नाहीत. काही मिणमिणू लागतात, काही भगभग करतात, काहींवर काळा ठिपका पडून ते कायमचे मिटतात. मग आपण कंपनीला नावे ठेवतो, विजेच्या दाबाला नावे ठेवतो. दोन्हींचा दोष असतोही. तथापि या दिव्याचा मोठा वैरी त्याची स्वतःचीच उष्णता आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. कारण "एलईडी तापत नाही" असे आपण ऐकलेले असते.

हा समज कोठून आला ते पाहू. जुन्या ६० वॅटच्या बल्बखाली बसले तर डोके तापत असे. त्याची तार दोन हजार अंशांहून अधिक तापल्याखेरीज प्रकाशच देत नसे, आणि ती उष्णता प्रकाशाबरोबरच किरणांच्या रूपाने बाहेर पडत असे. एलईडीच्या उजेडात हात धरला तर ऊब लागत नाही, म्हणून आपण त्याला थंड म्हणतो. वस्तुतः त्याला दिलेल्या विजेचा साधारण तिसरा हिस्सा उजेड होतो, आणि उरलेली वीज उष्णता होऊन त्याच्या पाठीशी साचते. एक वॅटच्या एलईडीतील उजेड देणारा कण राजगिऱ्याच्या दाण्याएवढा असतो. तेवढ्याशा दाण्यात ही सारी उष्णता जन्मते. जुना बल्ब तापण्यासाठीच केलेला होता. एलईडी तापला की त्याचा उजेड उतरतो, त्यावरचा पिवळा लेप करपतो, आणि कणाचे तापमान शंभर-सव्वाशे अंशांच्या पलीकडे गेले की त्याचे दिवस भरले म्हणून समजावे. बल्बच्या आत वीज सांभाळणारी लहान पेटी असते. तिच्यातील कपॅसिटरची गत आणखी वाईट. दर दहा अंश उष्णता वाढली की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा कारागिरांचा आणि कारखानदारांचा सर्वमान्य आडाखा आहे.

म्हणजे दिवा समोरून थंड आणि पाठीमागून गरम. सारा उपाय पाठीवर करावयाचा आहे.

उष्णता पाठीवरून जाते कशी? ईदची नमाज सुटल्यावर ईदगाहमधून माणसे बाहेर पडतात ते डोळ्यांपुढे आणा. मैदान मोठे असते, बाहेरचा रस्ताही मोठा असतो, पण दरवाजा अरुंद असला की सारी गर्दी तेथे तुंबते. एलईडीच्या उष्णतेला असे दोन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला, एलईडीचे बूड आणि त्याखालचा पत्रा यांच्यामधील जागा. दुसरा, पत्रा आणि हवा यांच्यामधील. दोन्ही दरवाजे रुंद करणे, एवढाच या विद्येचा सारांश.

पहिल्या दरवाजात अडथळा असतो हवेचा. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या दोन धातूंच्या मध्येही बारीक बारीक खळगे राहतात आणि त्यांत हवा बसते. उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम हवेच्या काही हजार पटींनी सरस आहे, तेव्हा केसाएवढी फटदेखील भिंतीसारखी आडवी येते. दुसऱ्या दरवाजात प्रश्न क्षेत्रफळाचा. पत्रा जितका पसरट, तितकी हवा त्याला अधिक ठिकाणी भेटते.

पत्रा कोणता घ्यावा? आपल्या गावाच्या नावातच कासार आहे. तांब्या-पितळेचा व्यवहार करणाऱ्या त्या लोकांना धातूंचा स्वभाव पुस्तकाविना ठाऊक होता. तांबे सर्वांत चपळ. त्याच्या खालोखाल ॲल्युमिनियम, म्हणजे आपल्या आया ज्याला "जर्मन" म्हणतात ते. त्याच्या निम्म्याने पितळ. तेलाच्या डब्याचा लोखंडी पत्रा पितळेच्याही निम्मा. आणि चकचकीत स्टीलचे ताट सर्वांत आळशी, जर्मनच्या ताटापेक्षा दहा-पंधरा पटींनी मंद. दिसण्यावर जाऊ नये, ते असे. घरात चेपलेले, भोक पडलेले जर्मनचे पातेले किंवा झाकण असेल तर ते भंगारवाल्याला घालू नका. सरकत्या खिडक्या बनविणाऱ्या दुकानाबाहेर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे तुकडे पडलेले असतात, तेही उत्तम. शीतपेयाचा कापलेला डबा मात्र कामाचा नाही. धातू तोच असला तरी तो इतका पातळ असतो की उष्णता दिव्याच्या आसपासच राहते, कडेपर्यंत पोहोचत नाही. जाडी निदान एक मिलिमीटर असावी.

येथे थोडे विषयांतर करतो. २०१५ हे वर्ष युनेस्कोने आंतरराष्ट्रीय प्रकाशवर्ष म्हणून पाळले. त्या निमित्ताने जगभर ज्यांचे स्मरण झाले त्यांत इब्ने हैसम हे नाव अग्रभागी होते. सन ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत राहून "किताबुल मनाझिर" लिहिणारा हा विद्वान. डोळ्यातून किरण बाहेर जातात हे जुने मत त्याने खोडले आणि वस्तूवरून प्रकाश डोळ्यात येतो हे प्रयोगाने दाखविले. या नावाचा अभिमान आपण सभांतून पुष्कळ बाळगतो. पण त्याची खरी शिकवण हातांनी करून पाहण्याची होती, आणि आपल्या मुलांच्या हातांत पेचकस अजून फारसा दिसत नाही. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड देणारे दिवे शक्य झाले, त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्यांपैकी नाकामुरा यांनी ते काम जपानच्या शिकोकू बेटावरील एका आडगावच्या कंपनीत, आपली उपकरणे स्वतः जोडून केले.

उष्णता पळविण्याची युक्ती तर आपल्या विभागातही जुनीच आहे. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, पाणचक्की आपण पाहिली असेल. तेथील मोठ्या हौदाखाली दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत. भर उन्हाळ्यात यात्रेकरूंना तेथे गारवा मिळावा म्हणून ही योजना. छताची उष्णता वरचे वाहते पाणी घेऊन जाते. आपल्या दिव्याच्या पाठीवर पाणी ठेवता येत नाही, पण तेच काम आपण पत्रा आणि हवा यांच्याकडून करून घेऊ शकतो.

आता करावयाचे कसे ते सांगतो. सुरुवातीलाच एक अट. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग मोबाइलच्या पाच व्होल्टच्या चार्जरवर किंवा पॉवर बँकेवरच करावा. भिंतीतील २३० व्होल्टशी मुलांचा संबंध येता कामा नये.

एक वॅटचा, चांदणीच्या आकाराच्या ॲल्युमिनियम चकतीवर बसविलेला एलईडी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एक-दोन कप चहाच्या पैशांत मिळतो. तो सुमारे तीन व्होल्टवर चालतो. म्हणून पाच व्होल्टला जोडताना मध्ये ६.८ ओहमचा, एक वॅटचा रेझिस्टर घालावा. रेझिस्टर विसरू नका. एलईडी जसजसा तापतो तसतसा तो त्याच दाबावर अधिक वीज ओढतो, अधिक ओढतो म्हणून अधिक तापतो, आणि या चक्रात जळून जातो. रेझिस्टर म्हणजे त्याच्या तोंडातील लगाम. तो स्वतःही तापतो, म्हणून त्याला एलईडीपासून दोन बोटे दूर ठेवावे.

जर्मनच्या पत्र्याचा चौकोनी तुकडा कापा. किती मोठा? दर वॅटला ५० चौरस सेंटिमीटर उघडी जागा हा सोपा हिशेब धरावा. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना हवा लागत असेल तर दोन्ही मोजता येतात, म्हणजे ५ सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा पुरतो. पण हा हिशेब मध्यम हवेचा झाला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या घरात त्याहून अधिक. म्हणून मी ७ सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा असे म्हणतो. भंगारात पत्रा वजनावर मिळतो, तेथे कंजुषी कशाला? तुकडा पातेल्याच्या गोल भागाचा असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सपाट करावा, कडा कानशीने घासाव्यात, आणि जेथे एलईडी बसणार तेवढी जागा पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी.

त्या जागी टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारे पांढरे हीट सिंक कंपाउंड लावावे. किती? भाकरीला तूप लावतो त्याहूनही पातळ. त्याचे काम फक्त खळगे भरण्याचे आहे, जाड थर दिला तर तोच अडथळा होतो. काही मुले टूथपेस्ट लावतात. पहिल्या दिवशी ती बरी चालते, पण तिच्यातील पाणी उडाले की कोरडा चुरा उरतो आणि पुन्हा हवा शिरते. चिकटपट्टी तर मुळीच नको. नंतर दोन बारीक स्क्रूंनी एलईडी घट्ट आवळावा, म्हणजे दाबाने उरलीसुरली हवा निघून जाते. तारा जोडताना त्यांची उघडी टोके पत्र्याला लागू देऊ नयेत.

यात रंगाचीही एक गंमत आहे. चकचकीत ॲल्युमिनियम किरणांच्या रूपाने उष्णता फार थोडी सोडते. त्यावर साध्या तेलरंगाचा पातळ हात दिला की ते काम बरेच सुधारते. हा रंग काळाच हवा असे नाही, पांढरा किंवा हिरवाही जवळजवळ तितकाच चालतो. एलईडीखालची जागा मात्र कोरी ठेवावी.

पत्रा ठेवण्याचीही रीत असते. तो उभा ठेवला की तापलेली हवा त्याच्या अंगावरून वर चढते आणि खालून गार हवा येते. आडवा ठेवला तर हवा खाली कोंडते. ज्यांनी कंदील पाहिला आहे त्यांना हे सांगावे लागू नये. त्याला खालून हवा घ्यायला भोके आणि वर सोडायला वाट असे. तुमचा अभ्यासाचा दिवा डब्यात बसविणार असाल तर डब्याला खाली चार आणि वर चार भोके पाडा. फक्त खालीच पाडली तर उपयोग नाही, हवेला जाण्याची वाट नसेल तर ती येईल कशाला?

आता परीक्षा. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. मेणबत्तीचे मेण साधारण ५५ ते ६५ अंशांना वितळते. मेणाचा तिळाएवढा कण एलईडीपासून एका बोटावर पत्र्यावर ठेवावा आणि दिवा अर्धा तास लावावा. कण तसाच राहिला तर तुमचा दिवा सुखात आहे. वितळला तर पत्रा मोठा करा किंवा स्क्रू पुन्हा आवळा. हाच प्रयोग तीन सारख्या एलईडींवर करून पाहण्यासारखा आहे. एक जर्मनच्या पत्र्यावर, एक तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर, एक स्टीलच्या जुन्या झाकणावर. कोणते मेण आधी वितळते ते वहीत लिहावे. बिनपत्र्याचा एलईडी दोन मिनिटांपेक्षा अधिक पेटता ठेवू नये, तो बिचारा तेवढ्यातच भाजून निघतो.

हे खेळ म्हणून सांगत नाही. आपल्या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात मागे राहतात, काही आई-बापांबरोबर जातात. उसाच्या फडाजवळच्या कोपीत वीज नसते. तेथे पॉवर बँकेवर किंवा लहान सौर पट्टीवर चालणारा एक वॅटचा दिवा हीच त्या मुलाची शाळा असते. तो डिसेंबरात बंद पडला तर नवा आणायला बाजार कोठला? दहावीच्या परीक्षेला बसणारा मुलगा किंवा मुलगी त्या एका दिव्यावर अवलंबून असते. जो दिवा मुलाने स्वतः जोडला तो तेथे बिघडला तरी त्याला उघडता येतो, हा मोठा फायदा.

हा विचार मोठ्या प्रमाणावर अमलातही आलेला आहे. मुंबईच्या आय.आय.टी.ने प्रा. चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकाराने २०१४ साली महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशा या राज्यांतील दहा लाख विद्यार्थ्यांना सौर अभ्यास-दिवे देण्याची योजना हाती घेतली. दिवा विद्यार्थ्याला १२० रुपयांना मिळे. तो कारखान्यातून तयार होऊन येत नसे. त्या त्या गावातील स्त्री-पुरुषांना जोडणी आणि दुरुस्ती शिकवून त्यांच्याच हातून तो बनविला जाई. माझ्या मते त्या योजनेचे मर्म स्वस्ताईपेक्षा याच गोष्टीत होते.

आता भिंतीवरच्या बल्बकडे वळू. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब घरोघर गेले. ६० वॅटच्या जागी ९ वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याचे नऊ युनिट दीडच्या आत येतात. पण हा बल्ब उघडून त्यात सुधारणा करण्याच्या भानगडीत घरी कोणी पडू नये. आतील पत्र्यावर आणि ठिपक्यांवर सरळ विजेचा दाब असू शकतो. उजेड वाढतो म्हणून वरची पांढरी टोपी काढून बल्ब लावणारे लोक मी पाहिले आहेत. तो मृत्यूशी खेळ आहे. बल्बला भोके पाडू नका, त्यावर ओले फडके टाकू नका. दुरुस्तीवाला जळालेला एक ठिपका जोडून बल्ब पुन्हा पेटवून देतो, पण ज्या उष्णतेने पहिला ठिपका मेला ती तेथेच असते, म्हणून थोड्याच दिवसांत दुसरा जातो.

बाहेरून मात्र पुष्कळ करता येते. पत्र्याच्या छताला चिकटून होल्डर असेल तर तो हातभर खाली घ्या. दुपारभर तापलेल्या पत्र्याखाली संध्याकाळी दिवा लावणे म्हणजे त्याला चुलीवर बसविणे होय. बल्बची टोपी खाली आणि होल्डर वर असला की टोपीतील उष्णता वर वीज-पेटीकडे चढते. शक्य असेल तेथे, विशेषतः टेबलावरच्या दिव्यात, होल्डर खाली ठेवावा. बल्ब विकत घेताना हातात तोलून पाहा. दोन सारख्या वॅटच्या बल्बांत जड तो घ्यावा, त्यात धातू अधिक असण्याचा संभव असतो. त्यावर बीआयएसचे नोंदणी-चिन्ह असावे. आणि महिन्यातून एकदा बटण बंद करून, बल्ब निवल्यावर, त्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसावी. धूळ म्हणजे त्याच्या अंगावरची गोधडी.

याहून एक खोल गोष्ट आहे. आपल्या ओळखीतील कित्येक घरांची मुले आखातात नोकरीला आहेत. त्यांना विचारा, "दुबई लॅम्प" पाहिला आहे काय? दुबईच्या नगरपालिकेने फिलिप्स कंपनीकडून २०१६ मध्ये हा दिवा करवून घेतला. त्याचा ३ वॅटचा बल्ब ६०० ल्यूमेन उजेड देतो, म्हणजे आपल्याकडील सर्वसाधारण ९ वॅटच्या बल्बच्या दोन-तृतीयांश उजेड तृतीयांश विजेत. युक्ती काय? त्यात एलईडी अधिक घातले आणि प्रत्येकाला वीज कमी दिली. बाजारातील स्वस्त बल्बात नेमके उलट असते, थोड्या एलईडींना चाबूक मारून पळविलेले असते. एका बैलाला दोन बैलांचे ओझे लावल्यावर तो किती दिवस चालणार? हीच युक्ती आपल्या अभ्यासाच्या दिव्याला लावता येते. एका एलईडीऐवजी दोन घ्या, आणि प्रत्येकाला स्वतंत्र १५ ओहमचा रेझिस्टर द्या. वीज एकूण जवळजवळ तेवढीच लागेल, उजेड किंचित अधिकच पडेल, आणि प्रत्येक एलईडी निम्म्या ओझ्यावर वर्षानुवर्षे चालेल. ज्याला पत्रा मिळत नाही त्यानेही एवढे अवश्य करावे. उष्णता हटविण्यापेक्षा ती निर्माणच कमी करणे केव्हाही स्वस्त.

इसराफ टाळा असे आपण पाणी आणि अन्न यांबाबत मुलांना सांगतो. वर्षाला चार-सहा बल्ब कचऱ्यात जातात, तो इसराफच आहे.

काही चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांतील दोहोंची उत्तरे देतो. एका विद्यार्थ्याने विचारले आहे, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावला तर? जरूर लाव. १२ व्होल्टचा पंखा ५ व्होल्टवर बहुधा सावकाश फिरतो, तरी पत्रा चांगलाच निवतो. पण एक वॅटच्या दिव्याला पंखा म्हणजे सशाच्या शिकारीला तोफ. शिवाय तो बॅटरी खातो आणि आपल्याकडची धूळ त्यात जाऊन बसते. दहा-वीस वॅटचा दिवा करशील तेव्हा त्याचा विचार कर.

दुसरी चिठ्ठी एका बुजुर्गांची आहे. मशिदीतील काचेच्या हंड्यांमध्ये बसविलेले एलईडी बल्ब लवकर जातात, बाहेरच्या व्हरांड्यातील तेच बल्ब टिकतात, असे का? उत्तर त्यांच्या प्रश्नातच आहे. हंडी शोभेची आहे, तिचे तोंड वरून टोपीने बंद असेल तर आत हवा कोंडते. रमजानमध्ये तरावीहपासून सहरीपर्यंत दिवे चालू असतात, तेव्हा तर अधिकच. हंड्या काढू नका, त्या आपल्या वडीलधाऱ्यांची आठवण आहेत. टोपी दोन बोटे वर उचलून बसविता आली तर पाहावे, आणि आत ९ वॅटऐवजी ५ वॅटचा बल्ब घालावा. ते काम मात्र वायरमनकडून, मेन स्विच बंद करून.